नॉर्डहाउझेन : आधी बराकी, मग बोगदा

जर्मनीतल्या नॉर्डहाउझेनला आलेले बहुतेक जण थेट कोनश्टाइन डोंगरातला, नाझींनी कैद्यांकडून रॉकेटं बनवून घेतली तो बोगदा गाठतात. मी गावापासूनच सुरुवात करा असं सांगेन. ११ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैनिकांसमोर जे आलं, ते आधी गावातच.

गावाच्या कडेला बोएल्के बराकी होत्या, मुळात जर्मन हवाई दलाच्या. १९४५ च्या जानेवारीपासून मित्तेलबाउ-डोरा छळछावणीतले, कामाला निरुपयोगी ठरवलेले आजारी कैदी इथल्या गाड्यांच्या गॅरेजांत आणून टाकले जात. खाली सिमेंटची जमीन, औषधपाणी जवळपास नाहीच. ३ आणि ४ एप्रिलला ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँब टाकले, त्यात हे कैदीही सापडले. आठवड्याभराने अमेरिकेची ३ री चिलखती आणि १०४ वी पायदळ डिव्हिजन पोचली, तेव्हा आवारात सुमारे १,३०० प्रेतं होती आणि त्यांच्यातच शेकडो माणसं अजून जिवंत. वैद्यकीय पथकांना आधी श्वास चालू असलेले शोधावे लागले. सुटकेच्या चित्रात आपण उघडलेलं फाटक आणि जल्लोष पाहतो. इथे उठून फाटकापर्यंत जाण्याइतकंही बळ बहुतेकांत नव्हतं. अमेरिकी अधिकाऱ्यांनी गावातल्या पुरुषांना प्रेतं हातांनी वाहून न्यायला आणि खड्डे खणायला लावलं. ती दफनभूमी आजही गावात आहे. बोगद्याआधी तिथे जाच.

डोराला, म्हणजे मुख्य छावणीच्या आणि बोगद्याच्या स्मारकाला जायला स्टेशनसमोरून १० नंबरची ट्राम. गावात ती विजेवर चालते आणि पुढे हार्त्स डोंगररांगेतल्या नॅरोगेज रुळांवर चढल्यावर डिझेलवर. क्रिमडेरोडला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. सोमवारी स्मारक बंद असतं आणि बोगद्यात फक्त मार्गदर्शकासोबतच सोडतात. उन्हाळ्यातही आत जेमतेम आठ अंश असतात. जाकीट नसलं तर लक्ष सगळं थंडीकडे जातं.

पेनेम्युंडे या बाल्टिक किनाऱ्यावरच्या रॉकेट-केंद्रावर बाँब पडल्यावर व्ही-२ या लांब पल्ल्याच्या रॉकेटचं उत्पादन जमिनीखाली हलवायचं ठरलं आणि ऑगस्ट १९४३ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीतून पहिले १०७ कैदी इथे आणले. दोन समांतर बोगदे, त्यांना शिडीच्या पायऱ्यांसारखी जोडणारी ४६ दालनं. पहिले कित्येक महिने कैदी आतच झोपत. चार मजली फळ्या, सुरुंगांची धूळ, संडासाला अर्धी कापलेली तेलाची पिंपं. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच फळीवर. छावणीच्या सगळ्या जाळ्यात मिळून सुमारे ६०,००० कैदी आले, त्यातले २०,००० च्या आसपास मेले. व्ही-२ च्या माऱ्यापेक्षा ते बनवण्यात जास्त माणसं मेली.

कठड्यावरून खाली पाहा: गंजलेली रॉकेटची कवचं, कोसळलेला दगड, पाणी. हे अपघाताने झालेलं नाही. अमेरिकनांनी सुमारे शंभर रॉकेटांचे भाग आधी नेले, जुलै १९४५ मध्ये प्रदेश सोव्हिएतांकडे गेला आणि १९४८ मध्ये त्यांनी तोंडं सुरुंग लावून उडवली. आज आपण शिरतो तो रस्ता नव्वदच्या दशकात नव्याने खोदलेला आहे.

बाहेर आल्यावर चढावरच्या दहनभट्टीकडे जायला पायांत ताकद राखून ठेवा. मुख्य छावणीत सैनिकांना काहीशेच आजारी कैदी सापडले. बाकीच्यांना छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाने त्याआधीच रेल्वेने आणि पायी हाकललं होतं. त्यांतल्या अनेकांसह हजाराहून अधिक कैद्यांना १३ एप्रिलला गार्डेलेगेनजवळ एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. डोरा मोकळं होऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.