शेणकिड्याच्या एका नव्या प्रजातीचे वर्णन : माझा अनुभव

नागपूर परिसरातील चराऊ रानांत सापडलेल्या एका शेणकिड्याचे नवी प्रजाती म्हणून वर्णन करणारा आमचा शोधनिबंध नुकताच प्रकाशनासाठी स्वीकारला गेला. तो प्रसिद्ध होईपर्यंत प्रजातीचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमसंहितेनुसार वर्णनाशिवाय जाहीर झालेले नाव ग्राह्य तर धरले जात नाहीच, उलट पुढच्या अभ्यासकांच्या कामात त्याने विनाकारण गोंधळ होतो. ती जेथे मिळाली ते ठिकाणही ढोबळपणेच सांगते. मला लिहायचे आहे ते कीटक हाती आल्यापासून तो नवा आहे असे ठामपणे म्हणता येईपर्यंत जे काम करावे लागते त्याविषयी. ‘नवी प्रजाती सापडली’ अशा बातम्यांमधून नेमका हाच भाग गळून जातो आणि वाचकांचा असा समज होतो की संशोधक रानात गेले, न पाहिलेला कीटक दिसला आणि काम झाले.

आमचा कीटक ऑन्थोफेगस या जीनसमधला, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातला, आहे. लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये स्थापन केलेल्या या जीनसमध्ये आज दोन हजारांहून अधिक प्रजाती मोडतात आणि साऱ्या प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या जीनसमध्ये त्याची गणना होते. शेणाचे गोळे करून ते लांब ढकलत नेणारे किडे सर्वांच्या परिचयाचे असतात, परंतु ऑन्थोफेगस तसे करत नाहीत. ते शेणाच्या पोच्या, म्हणजे जमिनीवर पडलेल्या ढिगाच्या, खालीच जमिनीत बीळ खोदतात, शेण खाली ओढून नेऊन त्याचे लहान लहान साठे करतात आणि प्रत्येक साठ्यात एकेक अंडे घालतात. अळीचे सगळे पोषण त्या एका साठ्यावर होते, त्यामुळे साठा मोठा असेल तर नर आकाराने मोठा आणि लांब शिंगांचा निपजतो, साठा अपुरा असेल तर त्याच प्रजातीचा नर लहान आणि जवळजवळ बिनशिंगी राहतो. वर्गीकरणाच्या दृष्टीने ही फार अडचणीची गोष्ट आहे, कारण एकाच प्रजातीचे मोठे नर, लहान नर आणि माद्या तीन वेगळ्या प्रजातींसारखे दिसू शकतात. जुन्या काळी अशा चुकीतून एकाच किड्याला एकाहून अधिक नावे मिळाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

क्षेत्रकामाची वेळ आमच्याकडे पाऊस ठरवतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना शेणाचा पो काही तासांत वाळून कडक होतो आणि काळी माती भेगाळते. त्या दिवसांत शेणात फारसे काही मिळत नाही. मृगाच्या सरी पडून माती मऊ झाली की मात्र किडे वर येतात. जमिनीत काठापर्यंत पुरलेले प्लास्टिकचे डबे, तळाशी साबणाचे पाणी आणि वर जाळीवर मलमलीत बांधलेला ताज्या शेणाचा गोळा, एवढाच आमचा सापळा असतो. काटोल रस्त्याच्या बाजूच्या एका पडीक चराऊ जमिनीवर हे सापळे लावत असताना तेथे गुरे चारणारे वयस्क गायकी काका आमचे काम पाहत उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “काय पाहून राहिल्या बाई शेनात?” काय शोधतो आहोत हे सांगितल्यावर त्यांनी दिलेली माहिती कोणत्याही ग्रंथात मला मिळाली नसती. गोठ्यातल्या, ढेप खाणाऱ्या जनावरांच्या शेणापेक्षा रानात चरणाऱ्या गाईंच्या शेणात बारीक किडे जास्त असतात आणि झाडांच्या सावलीतल्या पोमध्ये वेगळेच किडे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. आमचा किडा आम्हाला मिळाला तो अशाच मोहाच्या झाडांखालच्या शेणात.

तो प्रयोगशाळेत आला तेव्हा त्यात वेगळे असे काही वाटले नव्हते. सहा मिलिमीटरच्या आसपास लांबी, काळपट तपकिरी रंग, वरच्या कठीण पंखांवर अस्पष्ट पिवळट ठिपके. विदर्भात अशा वर्णनात बसणारे अनेक ऑन्थोफेगस आहेत. भारतातील शेणकिड्यांची ओळख पटवण्यासाठी आजही पहिला आधार असतो तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गिल्बर्ट ॲरो यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत १९३१ मध्ये लिहिलेल्या खंडाचा. त्यातील ओळख-किल्लीत एकेका लक्षणावर दोन पर्याय दिलेले असतात आणि त्यांतून निवड करत करत प्रजातीपर्यंत पोहोचायचे असते. आमचा नमुना दर वेळी एका ठरावीक जागी येऊन अडकत असे. डोक्यावरच्या आडव्या कंगोऱ्याची ठेवण एका पर्यायाशी जुळत होती, तर छातीवरील पाठकवचाच्या बारीक खाचा दुसऱ्या पर्यायाशी. किल्लीत न बसणारा प्रत्येक नमुना नवा असतो असे नाही. अनेकदा तो केवळ झिजलेला, अपवादात्मक किंवा किल्ली लिहिणाऱ्याने न पाहिलेल्या आकाराचा असतो. म्हणून आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितले की पुरेसे मोठे नर, लहान नर आणि माद्या हाती आल्याशिवाय ‘नवीन’ हा शब्द उच्चारायचा नाही. पुढचे पावसाळे त्यातच गेले.

खरी फोड झाली ती नराच्या जननेंद्रियाच्या तपासणीतून. शेणकिड्यांच्या बाह्य रूपात कितीही सारखेपणा असला तरी नराच्या जननेंद्रियाच्या कठीण भागांचा आकार प्रत्येक प्रजातीत बहुधा वेगळा आणि स्थिर असतो. वाळलेला किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, वाकवलेल्या बारीक टाचणीने पोटाच्या टोकातून तो भाग अलगद ओढून काढायचा, मऊ ऊती विरघळण्यासाठी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचा, धुवायचा आणि मग ग्लिसरीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहायचा, अशी ही पद्धत आहे. टोकाच्या कठीण भागांच्या जोडीचा आकार आणि त्याहूनही आत, पडद्याच्या पिशवीत दडलेल्या लॅमेला नावाच्या चिमुकल्या कठीण पट्टीची घडण, या दोन्ही गोष्टी आमच्या मोठ्या आणि लहान नरांत तंतोतंत सारख्या निघाल्या. संग्रहातील सर्वांत जवळच्या प्रजातीपेक्षा मात्र त्या स्पष्टपणे भिन्न होत्या. शिंगांनी जे लपवले होते ते येथे उघड झाले.

त्यानंतर सुरू झालेला टप्पा माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा होता. आपला किडा नवा आहे असे म्हणण्यासाठी आजवर वर्णन झालेल्या, त्याच्याशी साम्य असलेल्या प्रत्येक प्रजातीचा तो नाही हे दाखवावे लागते आणि ते वर्णन कधी, कोणत्या भाषेत झाले याला महत्त्व नसते. प्राण्यांच्या नावांची गणना स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते. लिनियसचा शिष्य फाब्रिशियस याने अठराव्या शतकातच भारतातील अनेक शेणकिड्यांना नावे दिली आहेत आणि ती वर्णने लॅटिनमध्ये, दोन-तीन ओळींची आहेत. याच किड्यांवरील बाल्थासार या कीटकशास्त्रज्ञांचा १९६३ चा मोठा ग्रंथ जर्मन भाषेत आहे. दोन ओळींच्या वर्णनात आमचाही किडा बसत होता आणि आणखी कितीतरी किडेही बसले असते. अशा वेळी शब्दांवर विसंबून चालत नाही, ज्या प्रत्यक्ष नमुन्यावरून मूळ वर्णन झाले तो पाहावा लागतो. हे जुने नमुने बहुतेक करून लंडन, पॅरिस, कोपनहेगन अशा ठिकाणच्या संग्रहालयांत आहेत. आमच्या मातीतल्या किड्याची ओळख पटवण्यासाठी आम्हाला तिकडच्या अभिरक्षकांना पत्रे लिहावी लागली. त्यांनी आस्थेने छायाचित्रे पाठवली, त्यांपैकी काहींनी आमच्या विनंतीवरून जननेंद्रियाची तपासणीही करून दिली. आपले नमुने परदेशी पाठवायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परवानगीची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, म्हणून आम्ही छायाचित्रांच्या देवाणघेवाणीवरच भर दिला.

त्या नमुन्यांच्या टाचणीवरील चिठ्ठ्या वाचणे हे तर स्वतंत्र काम आहे. एका चिठ्ठीवर केवळ ‘इंडिया’ असते, दुसरीवर ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या त्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती खरी, पण १९०५ पर्यंत त्यात संबलपूरही होते, त्यामुळे तेवढ्या शब्दांवरून किडा आपल्या भागातला आहे असे मानता येत नाही. ‘नागपूर’ असे लिहिलेले दिसले तरी ते आजच्या झारखंडमधील छोटा नागपूर तर नव्हे ना, हे संग्राहकाच्या इतर नोंदींवरून पडताळावे लागते. आमच्या किड्याशी सर्वांत जवळची ठरलेली प्रजाती अशाच एका मोघम चिठ्ठीची होती आणि तिचा मूळ नमुना मादी होता. मादीच्या बाह्य लक्षणांवरून निर्णय होईना. अखेर त्याच प्रजातीच्या, पश्चिम घाटाकडील नरांशी तुलना करता आली तेव्हा शंका फिटली. प्रजाती ओळखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, पेशीतील मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाच्या ६५८ बेस-जोड्यांच्या तुकड्याचा डीएनए-क्रमही आम्ही काढून घेतला. तो आमच्या निष्कर्षाशी जुळला, परंतु केवळ त्याच्या भरवशावर मी नवी प्रजाती जाहीर केली नसती, कारण तुलनेसाठी जवळच्या अनेक भारतीय प्रजातींचे क्रम अजून उपलब्धच नाहीत.

या काळात पैसे भरून थोड्याच दिवसांत निबंध छापून देण्याचे प्रस्ताव मलाही आले. अशा घाईविषयी माझे मत स्पष्ट आहे. नामकरणात अग्रक्रमाचा, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरण्याचा, नियम असल्यामुळे एकदा नियमानुसार प्रसिद्ध झालेले नाव, त्याचे वर्णन कितीही निकृष्ट असले तरी, कोणालाही दुर्लक्षून चालत नाही. शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही तो नमुना शोधून काढावा लागतो आणि ते नाव खरे की आधीच्याच नावाची पुनरावृत्ती, हे ठरवावे लागते. फाब्रिशियसपाशी आजच्यासारखा सूक्ष्मदर्शक, छायाचित्र आणि आगगाडी नव्हती. आपल्यापाशी हे सारे असताना दोन परिच्छेदांचे वर्णन लिहून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

निबंधाचे लेखन त्यामानाने शिस्तीचे आणि सरळ होते. नाव ठरवताना अनेकांनी शहराच्या नावावरून ठेवण्याचा आग्रह धरला. पण हा किडा फक्त नागपूरचाच असेल असे मानण्यास आधार नव्हता, त्यामुळे आम्ही त्याच्या शरीरलक्षणावरून नाव घेतले आणि ऑन्थोफेगस पुल्लिंगी असल्याने विशेषणाचा शेवट त्याप्रमाणे जुळवला. परीक्षकांपैकी एकाने लहान नरांची मोजमापे आणि लॅमेलाची आणखी स्पष्ट छायाचित्रे मागितली. ती मागणी रास्त होती, तिने निबंध सुधारला.

१९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक प्रजातीसाठी ज्यावर नाव आधारलेले असते तो नमुना (एकच असेल तर होलोटाइप, अनेक असतील तर सिनटाइप) स्पष्टपणे निश्चित करणे आणि तो कोणत्या संग्रहात राहील हे लिहिणे आवश्यक आहे. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातील निबंधाची २०१२ पासूनच्या दुरुस्तीनुसार झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद असावी लागते. त्याशिवाय जैवविविधता कायद्याचे कलम ३९ नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत भांडारात जमा करण्यास सांगते. आम्ही होलोटाइप भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रात दिला. लाल चिठ्ठी लावलेला तो किडा आणि शेजारी ग्लिसरीनच्या सूक्ष्म नळीत त्याचे जननेंद्रिय, अशी पेटी मी रेल्वेने मांडीवर घेऊन गेले. काही पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले होलोटाइपव्यतिरिक्तचे नमुने, आमच्या विभागाच्या संग्रहात ठेवले आहेत, म्हणजे विदर्भातल्या विद्यार्थ्यांना तुलनेसाठी दूर जावे लागणार नाही.

वर्णन झाले असले तरी या किड्याच्या जीवनक्रमाविषयी आमच्या हाती अजून फार थोडे आहे. त्याचे बीळ किती खोल जाते, एका पोखाली मादी किती साठे करते, रानगव्याच्या किंवा चितळाच्या विष्ठेवरही तो जगतो का, हे निबंधात आम्ही लिहू शकलो नाही. त्यासाठी अभयारण्याच्या हद्दीत काम करावे लागेल आणि तेथे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही नमुना घेता येत नाही. तो अर्ज आम्ही नागपूरच्या कार्यालयात दिला आहे. परवानगी मिळेपर्यंत गायकी काकांच्या चराऊ जमिनीवर, मोहाखालच्या ताज्या पोखालची माती थराथराने खोदून पाहण्याचे काम पुढच्या मृगापासून सुरू करायचे ठरले आहे.