गेटिसबर्ग: वेस्ली कल्पच्या मागावर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग या गावी, यादवी युद्धातल्या मोठ्या लढाईच्या जागी, जाणारी आपली बरीच मंडळी व्हिजिटर सेंटर, लिंकनच्या भाषणाची जागा आणि लिटल राउंड टॉप ही टेकडी उरकून संध्याकाळी परततात. तिथे तेराशेच्या आसपास स्मारकं आहेत. सेनापतींची नावं वाचून डोकं भणभणतं. आम्ही एकाच पोराचा माग काढला, आणि 1863 ची ती लढाई मला पहिल्यांदा नीट उमगली.

जॉन वेस्ली कल्प याच गावातला. वडील शिंपी. तो ज्या घोडागाड्यांच्या कारखान्यात कामाला होता, तो मालकाने व्हर्जिनियातल्या शेपर्ड्सटाउनला हलवला आणि वेस्लीही तिकडे गेला. तिथेच काम, तिथेच दोस्त. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो त्यांच्याबरोबर दक्षिणेच्या फौजेत, सेकंड व्हर्जिनिया पलटणीत भरती झाला. सख्खा भाऊ विल्यम उत्तरेच्या 87व्या पेनसिल्व्हेनियात. जून 1863 मध्ये विंचेस्टरच्या लढाईत दोघे एकमेकांच्या विरुद्ध फौजांत होते. वेस्लीची फौज गुलामगिरी टिकवायला लढत होती, तिची बाजू मला मुळीच घ्यायची नाही. पण पोटापाण्यासाठी गाव सोडलेला मुलगा कुठल्या गणवेशात परत आला, हे वाचून जीव गलबलतो.

विंचेस्टरला बालमित्र जॅक स्केली त्याला जखमी अवस्थेत भेटला आणि त्याने गावातल्या जेनी वेड या आपल्या मैत्रिणीसाठी निरोप दिला, असं गावात सांगतात. जुलैच्या सुरुवातीला पलटण गेटिसबर्गात आली. वेस्ली तिथेच मारला गेला, वय 24. निरोप पोचलाच नाही. 3 जुलैला सकाळी जेनीलाही गोळी लागली, आणि 12 जुलैला जॅक गेला.

आधी बाल्टिमोर स्ट्रीटवरचं जेनी वेड हाउस पाहा. घर बहिणीचं, बहीण बाळंतीण, आणि जेनी स्वयंपाकघरात पीठ मळत होती. गोळी दोन दारं भेदून तिच्यापर्यंत आली. दारातलं ते भोक अजून आहे. तिकीट वेगळं काढावं लागतं, खोल्या लहान आहेत, म्हणून गर्दीआधी पोचा. तिथून एव्हरग्रीन सिमेटरी जवळच. जेनीच्या थडग्यावर रात्रंदिवस झेंडा फडकतो. जॅकही त्याच दफनभूमीत आहे. वेस्लीचं थडगं शोधू नका, त्याचं प्रेतच मिळालं नाही.

मग कल्प्स हिल. ही टेकडी वेस्लीच्याच भाऊबंदांची होती. तो घरच्या जमिनीवर पडला असं सर्रास सांगितलं जातं, पण त्याची पलटण रॉक क्रीक या ओढ्याच्या पूर्वेला चकमकीत होती, तेव्हा तो तिकडेच पडला असावा, असं मला वाटतं. माथ्यावरच्या मनोऱ्यावर चढा. गाव, दफनभूमी आणि झाडी एका नजरेत दिसते, आणि ही सगळी माणसं किती हाकेच्या अंतरावर होती ते कळतं.

गाडी हवीच, गावाला प्रवासी रेल्वे नाही. रणभूमीवर फिरायला पैसे पडत नाहीत, संग्रहालयाला पडतात. वेळ असेल तर परवानाधारक गाइड घ्या आणि वेस्लीबद्दल मुद्दाम विचारा. उन्हाळ्यात झाडीत शिरताना पूर्ण पँट घाला, इथे गोचिडांमुळे लाइम रोग होतो. जमिनीत सापडलेली गोळी, बटण काहीही उचलू नका, तो गुन्हा आहे. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी शेपर्ड्सटाउनला जा. ते आता वेस्ट व्हर्जिनियात येतं, आणि याच युद्धातल्या अँटिएटमच्या लढाईची रणभूमी तिथून नदीपलीकडेच आहे.