आईचा वंश बदलला तेव्हा

कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी लोकांना त्यांच्या घराण्याची जुनी कागदपत्रं शोधून देते. अमेरिकेत जनगणनेतल्या वैयक्तिक नोंदी ७२ वर्षं बंद असतात. २०२२ मध्ये १९५०चे तक्ते खुले झाले आणि आमच्याकडे गर्दी उसळली. त्यातच या आजी आल्या. वडील पंजाबहून आलेले शीख, आई मेक्सिकन. इथल्या शेतीच्या पट्ट्यात अशी बरीच घरं होती. (हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) आजींना आधी जुने तक्ते बघायचे होते.

१९३०चा उघडला. पगडीवाल्या वडिलांचा वंश 'हिंदू'. हिंदुस्थानातून आलेल्या कुणालाही तेव्हा जनगणनेत हाच वंश मिळे. आईचा 'मेक्सिकन'. हा वंश त्या एकाच जनगणनेपुरता होता. त्यावर आक्षेप आले, प्रगणकांच्या सूचना बदलल्या. १९४०च्या तक्त्यात तोच नवरा, तीच शेती, आई मात्र गोरी!

आजी बघतच राहिल्या. "मग यांचं लग्न कसं लागलं?" प्रश्न रास्त होता. कॅलिफोर्नियात तेव्हा गोऱ्यांना काही वंशांशी लग्न करायला कायद्याने मनाई होती. ती १९४८ मध्ये गेली. पण कोण कुठल्या वंशाचं, हे परवाना देणारा कारकून चेहरे बघून ठरवायचा. दोघं सारखीच सावळी दिसली की काम व्हायचं. कायदा कडक आणि मोजपट्टी कारकुनाचे डोळे, याचा मला आजही संताप येतो.

मी त्यांना पुढचंही सांगितलं. अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी शिखाच्या खटल्यात १९२३ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हिंदुस्थानी माणूस गोरा नाही. १९७०च्या जनगणनेने हिंदुस्थानी वंशाच्या लोकांना गोऱ्यांतच मोजलं. १९८०ला त्यांच्यासाठी वेगळा रकाना आला.

"म्हणजे मी दहा वर्षं गोरी होते आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?" आजी खो खो हसल्या.

१९४०च्या तक्त्यात माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळातली फुली असते. इथे ती आईच्या नावापुढे होती. वंश प्रगणक बहुधा स्वतःच लिहून टाकायचा. लोकांनी आपला आपण लिहिण्याची सुरुवात १९६०ची. वय मात्र विचारावंच लागे. आजींनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवायला लावले, आईच्या ओळीवर बोट फिरवलं आणि किंचाळल्याच, "दहा वर्षांत आई सहाच वर्षांनी मोठी झालीय!"

छापील प्रत त्यांनी तेवढ्या पानांचीच घेतली. धाकट्या बहिणीला दाखवायची होती.