ओट्याखालचा फिल्टर आणि पांढरीशुभ्र कँडल

तो मुलगा आरओ, म्हणजे क्षार काढून पाणी शुद्ध करायचं यंत्र, विकायला आला तेव्हा त्याच्या बॅगेत चार दांड्यांचं एक छोटं यंत्र होतं. दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दांड्या बुडवून बटण दाबलं आणि मिनिटभरात आमच्या ग्लासात तपकिरी गाळ, वर हिरवट फेस. त्याचा ग्लास होता तसाच. सासूबाई टीव्ही सोडून उठून आल्या. "हे पितोय होय आपण?"

बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र कुठेतरी शिल्लक होतं म्हणून वाचले. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि दांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. ग्लासात दिसतो तो त्या दांडीचा गंज. त्याच्या पाण्यात क्षारच नव्हते, मग वीज वाहणार कशी? मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, "आता दाब बरं बटण." तेही तपकिरी झालं. पोरगा ओशाळला. "मॅडम, आम्हाला असंच दाखवायला शिकवलंय," म्हणाला. चहा घेऊन गेला बिचारा.

त्याला पिटाळलं खरं, पण भीती गेली नव्हती. दिवसच तसे होते. २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे रुग्ण सापडायला लागले, संशय दूषित पाण्यावर होता, आणि त्यातले बरेचसे आमच्याच बाजूचे, सिंहगड रस्त्याच्या पुढे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इकडचे. घरोघरी पातेली चढली. आमच्याकडे तर दिवसाला तीन पातेली पाणी उकळून, गाळून, थंड करून भरून ठेवायचं. महिनाभरात गॅस आणि मी, दोघंही थकलो.

मग मी टीडीएस मीटर मागवला. पेनाएवढा असतो, अडीचशे रुपयांत मिळाला. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो दाखवतो. आमच्या नळाचं पाणी ९४. मे महिन्यात सोसायटीनं टँकर घेतला तेव्हा टँकरचं ६१०, आणि गच्चीच्या टाकीत मिसळून नळाला आलं तेव्हा २८०. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात ५००पर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत सवलत आहे. ५००च्या आत पाणी असेल तिथे आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९मध्येच सांगितलं होतं. एक लिटर पाणी द्यायला घरगुती आरओ दोन-तीन लिटर गटारात सोडतो. ज्या गावात गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" येतं, तिथे ९४चं पाणी गाळायला हे करायचं?

पण मीटरला जंतू कळत नाहीत, हेही खरं. पाण्यात थोडं गटार मिसळलं तरी तो आकडा जेमतेम हलेल. म्हणजे मला क्षार काढायचे नव्हते. गढूळपणा, क्लोरिनचा वास आणि जंतू, एवढंच काढायचं होतं. त्यासाठी तीन टप्पे पुरतात: गाळ अडवणारी कापसासारखी ५ मायक्रॉनची कँडल (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग कार्बन, म्हणजे क्लोरिन शोषणारा कोळसा, मग यूएफ, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन. यूएफमध्ये बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, त्याची छिद्रं मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढी, त्यातून जिवाणू जात नाहीत. तो शेवटी लावायचा, कारण कार्बन क्लोरिन काढून टाकतो आणि क्लोरिन गेलं की कार्बनमध्येच जंतू घर करू शकतात. याला वीज लागत नाही, पाणीही फुकट जात नाही. विषाणूंच्या बाबतीत मात्र मी त्याच्यावर विसंबत नाही. साथ असली की पातेलं आहेच.

यूएफला दाब हवा. तो मोजायला काही लागत नाही. टाकी दहा मीटर वर असेल तर साधारण एक किलोचा दाब मिळतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, इमारत चार मजली, टाकी वर. म्हणजे नऊएक मीटर, पाऊण किलोच्या वर. चालतंय. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी नंतर "मलाही असाच बसवून दे" म्हटलं तेव्हा मी नाही म्हणाले. त्यांच्या डोक्यावर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर, धार करंगळीएवढीही आली नसती.

दुकानात गेले. एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले दहा इंची दोन हौसिंग, म्हणजे कँडल आणि कार्बन ज्यात बसतात ते टोपीवाले डबे, यूएफची बंद नळकांडी, पाव इंची नळी, हंसाच्या मानेसारखा छोटा नळ, टेफ्लॉन टेप. दुकानदारानं विचारलं, "ताई, अँगल कॉक अर्ध्याचा की पाऊणचा?" अँगल कॉक म्हणजे सिंकखाली भिंतीतून येणारा, पाणी बंद करायचा कॉक. तो किती इंची, मला कुठे माहीत! मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "अर्ध्याचा. पण कॉकला हात लावू नका, निपल भिंतीत तुटला तर टाइल फोडावी लागेल. हा टी घ्या, तीन तोंडांचा जोड. कॉक आणि कनेक्शन पाइपच्या मधे बसतो, बाजूला पाव इंचीचा कॉक आहेच." त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. सगळं मिळून चार हजार तीनशे झाले.

माझी सुट्टी गुरुवारी, कंपनी भोसरीला. म्हणून जूनमधला एक गुरुवार ठरवला. त्यात एक सोयही होती: गुरुवारी पाणी बंद असलं की पुणेकर आधीच बादल्या भरून बसलेला असतो.

सिंकखालची ट्रॉली रिकामी केली. चौदा वर्षांत काय काय साठलं होतं ते लिहीत नाही. अँगल कॉक बंद केला. फिरला सुंदर, पाणी मात्र थांबेना. आतला वायसर केव्हाच गेला होता. म्हणजे गच्चीवरून लाइन बंद करणं आलं, आणि आमच्या स्वयंपाकघराची लाइन म्हणजे खालीवर चार घरांची लाइन. ग्रुपवर टाकलं, "अकरा ते एक किचनला पाणी नाही." तीन अंगठे आले. एक "दर गुरुवारी हेच" आलं.

गच्चीवर सहा व्हॉल्व्ह, एकावरही नाव नाही. वॉचमनदादा म्हणाले, "हाच असंल." बंद केला. दोन मिनिटांत चौथ्या मजल्यावरून आरोळी: "अरे कोण आहे रे तिकडे?" काका अंगाला साबण लावून उभे होते. तिसरा व्हॉल्व्ह आमचा निघाला. दुसऱ्या दिवशी ऑइलपेंट घेऊन सहाही व्हॉल्व्हवर नावं घातली, तेवढं एक काम सोसायटीला कायमचं झालं.

टी बसवणं दहा मिनिटांचं काम. टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायची, उलटी गुंडाळली की घट्ट करताना तीच सुटत जाते. पितळेच्या आट्यांना मी दहा वेढे दिले. हौसिंगच्या प्लॅस्टिकच्या आट्यांना पाना लावायचा मोह टाळला, हातानं घट्ट आणि वर पाव फेरा, बस. टोपी तडकली की सगळं नवीन घ्यावं लागतं.

खरी धाकधूक ग्रॅनाइटची होती. छोट्या नळासाठी ओट्याला १२ मिलिमीटरचं भोक हवं. ऑफिसातल्या एकाचं ड्रिल मशीन आणलं, हिऱ्याची कणी बसवलेला पोकळ बिट आणला. ड्रिलमधलं ठोके देणं बंद करायचं, नाहीतर ग्रॅनाइट तडकतं. बिट गुळगुळीत दगडावर घसरतो, म्हणून आधी प्लायच्या तुकड्याला तेवढंच भोक पाडून तो तुकडा ओट्यावर चिकटवला आणि त्या भोकातून सुरुवात केली. खूण नीट उमटल्यावर प्लाय काढला. आणि पाणी? बिट सतत ओला राहायला हवा. सासूबाई म्हणाल्या, "कणकेचं आळं कर की." घट्ट कणीक मळून भोकाभोवती आळं केलं, लेक तांब्यानं त्यात पाणी सोडत राहिली. जोर द्यायचा नाही, मशीनच्या वजनानं जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यायचं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. दुधासारखं पांढरं पाणी वाहत होतं. शेवटच्या दोन मिलिमीटरला खालून लाकडाचा ठोकळा धरला, खालची कड उडू नये म्हणून. दगडाची गोल चकती बिटमध्ये अडकून आली. ती लेकीनं ठेवून घेतली आहे.

नळ्या जोडल्या, गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. यूएफ अजून जोडला नव्हता, कारण नवीन कार्बन आधी धुऊन घ्यायचा असतो. खोक्यावर लिहिलं होतं, पहिलं पाणी काळं येईल, दहा-पंधरा लिटर सोडून द्या. माझं पाणी पहिल्या थेंबापासून निवळशंख. मला काय वाटलं असेल? कार्बन चांगल्या प्रतीचा मिळाला! ही चूक लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

रात्री ट्रॉलीत जुना पेपर अंथरून ठेवला. गळती हाताला लागत नाही, पेपरवर दिसते. सकाळी डाव्या कोपऱ्यात चांगला ताटलीएवढा ओला डाग. दाबून बसवायच्या जोडामधून थेंब येत होता. कारण: नळी मी कात्रीनं कापली होती. कात्रीनं टोक चपटं आणि तिरकं होतं, आतली रबरी रिंग त्याला सगळीकडून धरू शकत नाही. नळी काढली, नव्या ब्लेडनं लाकडावर ठेवून काटकोनात कापली, टोक लागेपर्यंत आत दाबली आणि थोडी मागे ओढून बघितली. दुसऱ्या रात्री पेपर कोरडा.

एक लिटरचा तांब्या पन्नास सेकंदांत भरत होता. मी आल्यागेल्याला ट्रॉली उघडून दाखवत होते.

जुलैत खडकवासला भरत आला की नळाला मातकट पाणी येतं, दरवर्षीचं आहे. मला वाटलं, आता कँडल पिवळी पडणार. रोज बघायचे. पारदर्शक हौसिंगमधून कँडल दिसते. आठवडा गेला, दोन गेले, कँडल पांढरीशुभ्र, नुकतीच धुतल्यासारखी. तांब्या मात्र आता अडीच मिनिटं घेत होता. मी यूएफला शिव्या घातल्या, दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, यूएफ काढून नुसत्या दोन हौसिंगचं पाणी बघा." बघितलं. तरीही धार तेवढीच. म्हणजे यूएफचा दोष नव्हता.

मग लेकीनं मोबाइलचा कॅमेरा हौसिंगच्या टोपीवर, भिंतीकडच्या बाजूला नेऊन फोटो काढला. टोपीवर कोरलेलं असतं, पाणी कुठून आत आणि कुठून बाहेर. ओट्याखाली मान घालून ते दिसत नाही. आमच्या सिंकचा टी उजवीकडे. मी नळी उजव्या तोंडाला जोडली होती, जवळ पडतं म्हणून. उजवं तोंड बाहेर जाण्याचं होतं.

दीड महिना पाणी उलटं जात होतं. आधी कार्बन, मग कँडल, आणि तेही आतून बाहेर. कार्बनची पूड कँडलनं अडवली, म्हणून पहिलं पाणी काळं आलंच नाही. आणि खडकवासल्याचा सगळा गाळ कार्बनच्या पोकळीत जाऊन बसला होता. दोन्ही बाहेर काढले. कँडल बाहेरून बर्फासारखी आणि आतल्या भोकात बोट घातलं तर काजळी. कार्बन उलटा केला तर त्यातून चिखलाचा गोळा पडला, ओल्या गणपतीच्या मातीसारखा.

कार्बन नवीन घ्यावा लागला, साडेतीनशे रुपये. नळ्यांची अदलाबदल केली, टोपीवर मार्करनं ठळक बाण काढला. हौसिंगच्या रबरी रिंगला या वेळी सिलिकॉन ग्रीस लावलं. घरात व्हॅसलिन होतं, पण त्यानं काही रबरं फुगतात. यूएफ बाजूला ठेवला, कॉक उघडला. सासूबाई, मी आणि लेक, तिघी बादलीवर वाकून.

काळं पाणी आलं. कोळशाच्या राखेसारखं, फुरफुरत. "अगं बाई, बिघडला!" सासूबाई म्हणाल्या. लेक व्हिडिओ काढत होती. मी एक बादली भरू दिली, मग दुसरी लावली.