विक्रमी फेअरी डेल्टा पाहायचे असेल तर योव्हिल्टन गाठावे

10 मार्च 1956 रोजी ब्रिटिश चाचणी वैमानिक पीटर ट्विस यांनी ज्या विमानातून ताशी 1,822 किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला, ते फेअरी डेल्टा 2 हे प्रायोगिक जेट विमान इंग्लंडमधील कॉस्फर्डच्या विमान संग्रहालयात आहे, अशी खात्री मला एका परिचितांनी दिली होती. ती साफ चुकीची निघाली. अशी दोनच विमाने बांधली गेली आणि कॉस्फर्डला आहे ते त्यातले दुसरे, डब्ल्यूजी 777 क्रमांकाचे. बर्मिंगहॅमहून तेथे जाणे सोपे आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे, एवढे सांगणे पुरे.

विक्रमाचे डब्ल्यूजी 774 सॉमरसेटमधील योव्हिल्टनच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. मात्र तेथे ‘बीएसी 221’ हे नाव शोधावे, कारण कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या संशोधनासाठी या विमानाचे त्रिकोणी पंख काढून वळणदार धारेचे पंख बसवण्यात आले, धड लांबवण्यात आले आणि 1 मे 1964 रोजी ते नव्या रूपात उडाले.

खरा त्रास आहे तो योव्हिल जंक्शन स्थानकापासून पुढे. टॅक्सीचालकाने जाताना 25 पौंड घेतले आणि परतताना, पाऊस लागलेला व गाडीची वेळ जवळ आलेली पाहून, तेवढ्याच अंतराचे 45 मागितले. मी ते मुकाट्याने दिले आणि अजूनही तो राग गेलेला नाही. जाण्यायेण्याचे भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे. संग्रहालयाच्या दारात दुसरी टॅक्सी मिळेल या भरवशावर मुळीच राहू नये.

तरीही एकच दिवस हाती असेल, तर मी पुन्हा योव्हिल्टनलाच जाईन. त्रिकोणी पंखांचे विमान उतरताना नाक खूप वर ठेवते, त्यामुळे वैमानिकाला धावपट्टी दिसेनाशी होते. म्हणून या विमानाचे नाक खाली झुकवण्याची सोय केली गेली. आपण कॉन्कॉर्डचे झुकणारे नाक ओळखतो, पण तेथे वैमानिकाच्या पुढचाच भाग वाकतो. येथे सांधा वैमानिकाच्या पाठीमागे आहे, म्हणजे बसलेल्या माणसासह सगळी कॉकपिटच खाली झुकत असे. 17 नोव्हेंबर 1954 रोजी इंजिन बंद पडल्यावर ट्विस यांनी उडी न मारता हेच विमान बॉस्कोम्ब डाउनच्या विमानतळावर उतरवले, हे आठवत मी त्या सांध्यापुढे पाऊण तास उभी होते.

त्याच दालनात पहिले ब्रिटिश बनावटीचे कॉन्कॉर्ड आणि मंद वेगाच्या चाचण्यांसाठी बांधलेले एचपी 115 ही विमानेही आहेत. सकाळी आधी याच दालनात शिरावे. बाकीची दालने पाय दुखू लागल्यावर पाहिली तरी चालतील.