शेंदरी पुडी : सेलाजिनेलाच्या एका पावसाळ्याची नोंद

गेल्या वर्षीच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं, ‘पुडी क्रमांक ७ : सेलाजिनेला सिलिॲरिस. विषय संपला.’ सेलाजिनेला म्हणजे शेवाळासारखं दिसणारं, फुलं न येणारं झाड, आणि पुडी म्हणजे त्याचा सुकवून ठेवलेला नमुना. यंदाचा अख्खा पावसाळा त्या एका पुडीने खाल्लाय. बाकीच्या सहा पुड्यांचं काय झालं ते विचारू नका. त्यांना हातही लागला नाही.

१४ जून

रविवार, वीज नाही, म्हणून कपाटातल्या जुन्या शीट्स, म्हणजे सुकवलेली झाडं चिकटवलेले कागद, काढून बसले. शीट ४ सिंहगडाच्या बाजूची, शीट ७, म्हणजे पुडी ७ चीच, मुळशीच्या पश्चिमेकडची. दोन्हीवर माझ्याच अक्षरात सिलिॲरिस. शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंगातून पाहिलं, तर ४ च्या पानांच्या कडेला बुडाशी लांब केस आहेत. सिलिॲरिस हे नावच त्या केसांवरून पडलंय. ७ ला नुसते बारीक दाते. केस एकही नाही.

मग मी गेल्या वर्षी कशावरून ठरवलं? वही काढली. तिथे लिहिलंय, ‘शंकू चपटा.’ एवढंच.

आपल्यातल्या नव्या लोकांसाठी सांगते. बहुतेक सेलाजिनेलांना पानांच्या चार रांगा असतात : बाजूच्या दोन रांगांत मोठी पानं, वरच्या अंगाला दोन रांगा छोट्या पानांच्या. फांदीच्या टोकाला बीजाणूंचा शंकू येतो. बऱ्याच जातींत शंकूची पानं सगळी एकसारखी आणि चार बाजूंना, त्यामुळे शंकू चौकोनी. सिलिॲरिसच्या शंकूत मात्र पानं लहानमोठी असतात आणि शंकू चपटा. शिवाय गंमत अशी की, फांदीवर ज्या अंगाला छोटी पानं असतात, शंकूत त्याच अंगाला मोठी येतात. सगळं उलटं. एकदा डोळ्यांत भरलं की विसरत नाही.

पण झाडं सुकवायच्या प्रेसमध्ये दाबल्यावर चौकोनी शंकूही चपटाच होणार ना! दहा वर्षं हा नाद करून मला हे जूनमध्ये सुचावं.

६ जुलै

चांदणी चौक, पिरंगुट, पौड, आणि पुढे वायपर जोरात लावून. ताम्हिणीत अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय काडीही उचलत नाही. ही जागा ओळखीच्यांची खाजगी आहे. भातखाचराला लागून ओढा, ओढ्याकडेला बिनचुन्याचा दगडी बांध, आणि त्या दगडांच्या सांध्यांत उत्तरेच्या बाजूला आमची पुडी क्रमांक ७. गावाचं नाव देत नाही. राग मानू नका, जत्रांमधून संजीवनी म्हणून विकली जाणारी सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस लोक कशी ओरबाडतात ते आपण पाहिलंय. आमची ही काही वाळून गोळा होणारी आणि पाण्यात उमलणारी नाही, पण ओरबाडणाऱ्याला एवढा फरक कुठला.

झाडं जेमतेम इंचभर. शंकूचा पत्ता नाही. फार लवकर आले. फोटो काढले, तोडलं काहीच नाही. खाचरातल्या मावशी लावणी सोडून बघायला आल्या.

“ताई, ह्या शेवाळाला पुण्यात काय भाव हाय का?”

“भाव नाही मावशी. नाव शोधतेय.”

“मंग आम्ही म्हंतोच की शेवाळ.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

२० जुलै

पाऊस थांबेना, म्हणून वाचन. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात सेलाजिनेला आणि तिचे भाऊबंद या सगळ्या खानदानाच्या १३३८ जाती धरल्यात : लायकोपोडियमचं कुळ ३८८, आयसोएटिस २५०, सेलाजिनेला ७००. त्या सातशेही एकाच जीनसमध्ये, म्हणजे जातींच्या एकाच गटात. त्यांची आतली वाटणी कशी करायची यावर भांडण जुनं आहे. १९८६ साली जर्मीने पाच उपजीनस केले आणि चपट्या शंकूवाल्यांना वेगळं घर दिलं, हेटेरोस्टॅकिस. पुढे डीएनए आला. २०१६ मध्ये वेस्टस्ट्रँड आणि कोराल यांनी सात उपजीनस मांडले आणि हेटेरोस्टॅकिसचं घर मोडून ती मंडळी स्टॅकिगायनँड्रम नावाच्या मोठ्या वाड्यात आणून टाकली. त्याच्या आदल्याच वर्षी झोऊ आणि झांग यांनी सहा उपजीनस सांगितले होते. २०२३ मध्ये याच दोघांनी सेलाजिनेलाचे थेट एकोणीस जीनस केले.

मी अजून सगळ्यांना सेलाजिनेलाच म्हणते. लेबलं पुन्हा लिहायची ताकद नाही. पण एक गोष्ट मनात बसली. चपटा शंकू हे ओळखायचं उत्तम लक्षण आहे, नात्याचं लक्षण म्हणून त्यावर विसंबता येत नाही. शेजाऱ्यांची नाकं सारखी असली म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

१७ ऑगस्ट

शंकू आले! आणि चौकोनी आहेत.

ओल्या झाडावर बघायची पद्धत सोपी आहे. फांदी टोकाकडून, पेन्सिलीच्या टोकाकडे बघावं तशी डोळ्यांसमोर धरायची आणि बोटांत हळूच फिरवायची. चार कडा एकसारख्या दिसल्या. पन्नासेक शंकू पाहिले, एकही चपटा नाही. म्हणजे सिलिॲरिस नक्की नव्हे. मावशींची परवानगी घेऊन तीन झाडं मुळासकट घेतली, बाकी तिथेच.

घरी येईपर्यंत डोक्यात काय काय शिजलं ते सांगायला लाज वाटते. भाच्याने फोटो बघून लगेच विचारलं, “आत्या, तुझं नाव देणार का त्याला?” स्वतःचं नाव स्वतःच शोधलेल्या झाडाला देऊ नये असा नियम नाही, पण रीत आहे, हे मी त्याला इतक्या गंभीरपणे समजावलं की मग माझं मलाच हसू आलं. बारसं ठरवायला अजून मूल कुठे होतं!

नवी जात जाहीर करायला काय लागतं? वेगळेपण सांगणारं वर्णन, २०१२ पासून ते लॅटिनऐवजी इंग्रजीत चालतं. एक नमुना टाइप म्हणून ठरवून हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या झाडांच्या संग्रहात, ठेवलेला. आणि रीतसर छापलेला लेख. कागदावर हे एका दुपारचं काम वाटतं. खरं काम आहे ते आधीचं : झाडांच्या नावांची गणती जिथून धरतात त्या लिनीयसच्या १७५३ पासून आजवर कुणीही याच झाडाला दिलेलं नाव शिल्लक नाही ना, हे बघणं. भारतापुरतं म्हटलं तरी बेकरचं १८८७ चं पुस्तक, ऑल्स्टनची १९४५ ची यादी, दीक्षितांचं १९९२ चं सेलाजिनेलांवरचं पुस्तक, आणि परदेशातल्या हर्बेरियमांमधल्या टाइप शीट्सचे स्कॅन. कुणीतरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सुकवून पाठवलेल्या काड्यांशी आपली काडी ताडून बघायची. नव्या जाती घाटात सापडतात असं आपण म्हणतो, पण त्यातल्या कितीतरी हर्बेरियमच्या कपाटात सापडतात. कुणीतरी चुकीच्या नावाखाली ठेवलेल्या असतात. माझी शीट ७ होती तशाच.

२३ ऑगस्ट

तीनपैकी एका झाडाला बुरशी. चूक सर्वस्वी माझी. महिनाअखेर, ऑफिसातून रात्री नऊला यायचं आणि प्रेसचे कागद बदलायचे राहायचे. पावसाळ्यात पहिले चार दिवस तरी कागद रोज बदला, रद्दीचा हिशेब करू नका. चौथ्या दिवशी प्रेस उघडला तर त्यात पांढरा कापूस.

७ सप्टेंबर

आता खरी गोष्ट.

कुंडीत जगवलेल्या झाडाचे दोन पिकलेले शंकू काल रात्री पांढऱ्या कागदाच्या पुडीत ठेवले. सेलाजिनेलाचे बीजाणू दोन प्रकारचे असतात, मोठे आणि लहान. मोठ्यांच्या एका पिशवीत बहुधा चारच, लहानांच्या पिशवीत शेकड्याने. लायकोपोडियममध्ये हा भेद नाही, सगळे एकाच मापाचे. (आमच्या सासूबाईंना लायकोपोडियम म्हणजे पोटात वायू धरला की घ्यायच्या होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या. त्या खरोखरच लायकोपोडियम क्लॅव्हॅटमच्या बीजाणूंच्या असतात, हे कळल्यापासून माझ्या नादाची घरात जरा पत वाढली आहे.)

सकाळी पुडी डायनिंग टेबलावर उघडली होती. सासूबाई देवपूजा आटोपून आल्या आणि थबकल्या.

“हा शेंदूर कुठून आणलास गं?”

मी पाहिलं. पांढऱ्या कागदावर लालसर केशरी भुकटीची एक रेघ. मारुतीच्या अंगावरचा असतो अगदी तसा रंग.

आणि तेव्हा ट्यूब पेटली. यादीत एक नाव मी चार वेळा वाचून पुढे गेले होते : सेलाजिनेला मिनिॲटोस्पोरा. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर. शेंदरी बीजाणूंची! त्या नावापुढे कंसात डॅल्झेल, कंसाबाहेर बेकर. म्हणजे डॅल्झेलने ती आधी लायकोपोडियम म्हणून लिहिली आणि बेकरने उचलून सेलाजिनेलात ठेवली.

डॅल्झेल आपल्याला परका नाही. मुंबई इलाख्याच्या वनखात्याचा हा अधिकारी. त्याने गिब्सनबरोबर लिहिलेली ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ ची. गिब्सन तर आपल्या शेजारचाच म्हणायचा, १८३८ ते १८४७ तो दापुरीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. दापुरी म्हणजे आजची दापोडी. लोणावळ्याच्या लोकलमध्ये खडकी सोडली की येते ती. त्या बागेत काढून घेतलेली झाडांची चित्रं आता एडिनबरोच्या बागेत आहेत आणि दापोडीत पूल आणि ट्रॅफिक आहे. माणसाने सह्याद्रीतलं झाड हातात घेतलं, बीजाणू झटकले, रंग पाहिला आणि तोच नावात घातला. आणि सासूबाईंनी चष्म्याशिवाय, टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून, तेच नाव मराठीत उच्चारलं.

नवी जात गेली, हे संध्याकाळी लक्षात आलं. तोवर मी इतकी खूष होते की वाईट वाटायचं राहूनच गेलं.

१२ सप्टेंबर

पण थांबा. एका हर्बेरियममधल्या सरांना शीट, फोटो आणि पुडी दाखवली. (जाताना रिक्षावाल्याशी नेहमीचा घोळ : आघारकर संस्था आगरकर रस्त्यावर आहे, दोन्ही वेगळी माणसं, हे मी या जन्मात कुणाला पटवू शकणार नाही.) सरांनी पुडीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “लहान बीजाणू केशरी असणाऱ्या पुष्कळ आहेत. मोठे दाखवा.”

बरोबर आहे. मी रंगावर भाळले, जशी गेल्या वर्षी चपटेपणावर भाळले होते. एकाच लक्षणावर नाव ठेवायची ही माझी खोड. मोठ्या बीजाणूंचा रंग, त्यांच्या पृष्ठभागावरची नक्षी, मधल्या पानांच्या टोकाचा काटा, फांदीच्या बेचक्यातल्या पानाचा आकार, हे सगळं एकत्र जुळलं तर नाव. पाचगणीच्या टेबललँडवरच्या आयसोएटिसवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांची झाडं गवतासारखी दिसतात, सगळी सारखी, त्यामुळे ते बीजाणूंची नक्षी पाहिल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. आपल्याला पानं दिसतात म्हणून आपण वाहवतो.

२१ सप्टेंबर

मोठे बीजाणू मिळाले. शंकूच्या अगदी बुडाशी, दोनच पिशव्या. काळ्या कार्डावर सुईच्या टोकाने फोडल्या. आठपैकी सात हाताशी लागले, एक पंख्याच्या वाऱ्याने गेला. (पंखा बंद करा. कृपया. मी दर वर्षी लिहिते आणि दर वर्षी विसरते.) नुसत्या डोळ्यांना रव्याच्या बारीक कणासारखे दिसतात. भाच्याच्या मोबाइलला लावलेल्या लेन्सखाली गोल, एका अंगाला तीन रेघांची खूण, आणि वर खडबडीत काहीतरी. ते जाळं आहे की गाठी आहेत ते माझ्या साधनांत ठरत नाही. सात कण छोट्या बाटलीत घालून सरांकडे पोचते केले. त्यांच्या ओळखीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, रांगही आहे.

शीट ७ वरचं जुनं लेबल काढलेलं नाही. जुनी ओळख चुकली तरी तिथेच राहू द्यायची आणि शेजारी नवी चिकटवायची असते. नवीन चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली : सेलाजिनेला, सीएफ. मिनिॲटोस्पोरा. ‘सीएफ.’ म्हणजे ताडून पाहा. तारीख घातली.

९ नोव्हेंबर

मावशींचा फोन. बांधावरचं शेवाळ पार वाळलं, गोळाबिळा काही झालं नाही, हात लावला तर चुरा होतो. हे मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण दर वर्षी मरतं का मूळ जगतं हेही बघायचंच आहे. पुढे म्हणाल्या, पोराला बांध काढून तिथून पाइप न्यायचाय, दिवाळी झाली की माणसं लावणार. किती बांध, विचारलं. सगळा नको, हातभर.

“कुठल्या अंगाचा, मावशी?”

“तुमचं शेवाळ सोडून. म्हणून तर फोन केला.”