मिस्त्रीची साक्ष

आपल्या गाडीचा विमा संपलाय हे लक्षात आलं की माणूस आधीच अर्धा गुन्हेगार होऊन बसतो. मी वकील. रामबागेतले हे काका माझ्याकडे आले तेही तसेच, आवाज खाली ठेवून. त्यांची जुनी वॅगन आर घराच्या भिंतीला लागून उभी होती. गल्लीत समोर कुणाचं तरी बांधकाम चाललेलं. सिमेंटच्या गोण्या उतरवून रिव्हर्स घेणाऱ्या मिनी ट्रकनं तिची उजवीकडची दोन्ही दारं आणि मधला पिलर आत दाबला. ड्रायव्हर पळाला नाही. त्यानं मोबाइलवर काकांच्या गाडीचा नंबर टाकून बघितला आणि उलट तोच चढला, "काका, आपकी गाड़ी का तो बीमा ही नहीं है. थाने चलोगे तो आप ही फँसोगे."

काका घाबरले. ठाण्यात नुसतं एक आवेदन देऊन आले. तिथं विचारलं, किसी को लगी तो नहीं? लागलं नव्हतं, म्हणून एफआयआर झाला नाही. मग भाच्यानं काढलेले फोटो आणि गॅरेजचं बिल फाइलमध्ये ठेवून ते गप्प बसले.

मी पहिल्यांदा तेच केलं जे ड्रायव्हरनं केलं होतं. एमपरिवहन अ‍ॅपवर ट्रकचा नंबर टाकला. कंपनीचं नाव आलं, पॉलिसी चालू होती. "काका, दंड व्हायचाच तर पहिल्या खेपेला दोन हजार, कलम 196. तो सरकार आणि तुमच्यातला मामला. ट्रकच्या कंपनीला तुमच्या पॉलिसीशी काय करायचंय? तिच्या लेखी तुम्ही थर्ड पार्टी, म्हणजे तिच्या ट्रकमुळे नुकसान झालेला तिसरा माणूस."

"अगं, पण कुणाला लागलं नाही तरी केस होते?"

होते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 165 आणि 166. क्लेम ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, म्हटलं की लोकांना मृत्यू आणि मोडलेली हाडं आठवतात, पण तिसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही तिथंच मागता येतं, आणि अर्ज मालमत्तेच्या मालकानं करायचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनं अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. काकांची मुदत संपत आली होती. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघांना पक्षकार केलं. ट्रकची पॉलिसी हाती आल्यावर मी आधी मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा बघितली. साधारणपणे ती साडेसात लाख असते, पण काही मालक प्रीमियम वाचवायला ती सहा हजारांवर आणून ठेवतात. इथं पूर्ण होती. हुश्श.

कंपनीच्या वकिलांनी काकांना विचारलं तेच, ज्याची त्यांना धास्ती होती. "आपकी गाड़ी का बीमा था?" काका "नहीं था" म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले. पुढं त्या उत्तराचं काहीच झालं नाही. गाडी रस्त्यात आडवी होती का, नो पार्किंग होती का, रात्रीची वेळ होती का, हे प्रश्न खरे. त्यातून काकांच्या माथी निष्काळजीपणाचा वाटा मारता आला असता. पण अपघात भर दुपारचा, आणि फोटोत डावी चाकं भिंतीला चिकटलेली.

घोडं अडलं ते बिलावर. कच्चं बिल, लेटरहेड नाही, नुकसान तपासणारा सर्व्हेयर आलेला नाही. ज्यानं बिल दिलं त्यानं येऊन सिद्ध करावं लागतं, म्हणून डेंटर मिस्त्रीला बोलावलं. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला, नखांतलं ग्रीस मात्र तसंच. वकील म्हणाले, बिल फुगवलंय, दारं ठोकून सरळ झाली असती. मिस्त्रीनं दोन्ही तळवे उभे धरून एक जरा तिरका केला. "साहब, ये पिलर है. ये टेढ़ा है तो नया दरवाज़ा लगा दो, काँच ऊपर चढ़ेगा ही नहीं. पहले पिलर खींचा, फिर दरवाज़े लगाए."

"गाड़ी पुरानी थी, पहले से ठुकी हुई थी?"

"पीछे का बंपर टूटा था. उसका पैसा इसमें नहीं जोड़ा. और नीचे जंग थी, उसका भी नहीं."

मी जागच्या जागी श्वास रोखला. साक्षीदाराला असं काही शिकवलेलं नसतं, आणि शिकवलं असतं तर इतकं सहज आलं नसतं. न्यायाधीश साहेबांनी पेन थांबवून बिलावर नजर फिरवली. खरंच, बंपर त्यात नव्हता. मिस्त्री मात्र रंगात आलेला. जुनी दारं गॅरेजमागे पडलीत, त्यांवर ट्रकचा पिवळा रंग अजून दिसतो, हवं तर टेम्पोत घालून आणतो म्हणाला. साहेबांनी हसू दाबत नको म्हटलं.

निकालात बिल जवळजवळ पूर्ण मंजूर झालं, अर्जाच्या तारखेपासून व्याजासह. त्याआधी कंपनीनं लोक अदालतीत निम्म्यावर तडजोड सुचवली होती. मी घ्या म्हणत होते, काका ऐकेनात.

कंपनीनं पैसे जमा केल्याचं मी कळवलं तर पलीकडून आधी शांतता.

"म्हणजे त्या ट्रकवाल्याच्या खिशातून काहीच नाही?"

"नाही काका, त्याचा विमा होता ना."

"असं होय," काका म्हणाले आणि फोन ठेवायच्या आधी विचारलं की मिस्त्रीला कोर्टाच्या त्या दिवसाची मजुरी किती द्यावी.